तुलना कुणाशी?

पेशंट टेबलावर आहे आणि शुद्धीवर आहे. मध्ये पडदा लावलेला, त्यामुळे पलीकडे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. मूत्रमार्गातून दुर्बीण आत गेल्याचे जाणवते, उपकरणाचे खटके कानावर पडतात. थोड्या वेळाने ‘झाले’ म्हणून त्याला बाहेर आणतात. प्रत्यक्षात झालेले काहीच नसते. दुर्बीण आत गेली आणि तशीच बाहेर आली.

हा फसवणुकीचा प्रकार नव्हता. २०११ साली उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या १९ केंद्रांमध्ये २०६ पुरुषांनी लेखी संमती देऊन या चाचणीत भाग घेतला होता. वाढलेल्या प्रोस्टेटच्या दोन्ही पाळ्या न कापता, बारीक इम्प्लांटने बाजूला खेचून धरायच्या आणि लघवीची वाट मोकळी करायची, अशी ‘युरोलिफ्ट’ नावाची नवी पद्धत तपासायची होती. चिठ्ठी टाकावी तसे गट पाडले गेले. १४० जणांवर खरी प्रक्रिया झाली, ६६ जणांवर लुटुपुटीची. तीन महिन्यांनी सर्वांच्या त्रासाचे गुण मोजले. या मोजपट्टीवर कमाल त्रास म्हणजे ३५ गुण. खऱ्या गटाचा त्रास सरासरी ११ गुणांनी उतरला. लुटुपुटीच्या गटाचाही उतरला, जवळजवळ सहा गुणांनी.

म्हणजे ज्यांच्यावर काहीच केले नाही, त्यांनाही निम्मे बरे वाटले! नुसते आपल्या पेशंटांना ‘काय, फरक पडला का?’ असे विचारणाऱ्या डॉक्टरने अकराचे अकरा गुण आपल्या खात्यावर जमा केले असते, तेही पूर्ण प्रामाणिकपणे. त्यातले पाच त्याचे, बाकीचे आशेचे, काळाचे आणि दुखणे आपसूक कमी-जास्त होण्याचे, हे कळायला ते ६६ जण लागले.

क्लिनिकल रिसर्च म्हटले की पांढरे कोट, आकडेमोड आणि न वाचता येणारे तक्ते डोळ्यांसमोर येतात. त्या सगळ्याच्या मुळाशी असतो तो एवढाच प्रश्न: तुलना कुणाशी? इथे त्याची दोन अगदी वेगळी क्षेत्रे घेतली आहेत. एक, साठी-सत्तरीतल्या पुरुषांच्या प्रोस्टेटची शस्त्रक्रिया. दुसरे, आई किंवा वडिलांकडून आलेल्या एका जनुकामुळे पाळण्यापासूनच वाढलेले कोलेस्टेरॉल. पहिल्यात तुलना मोठ्या खटपटीने उभी करावी लागते. दुसऱ्यात ती घरातच, सख्ख्या भावंडांमध्ये तयार असते.

प्रोस्टेटचा विषय आपल्याकडे घरात निघतो तो उशिरा आणि आडून आडून. रात्री चार-चारदा उठावे लागते, धार बारीक झाली, जोर करावा लागतो, इथवर चालवून घेतले जाते. मग एके दिवशी लघवी पूर्ण अडते, नळी घालावी लागते आणि ‘दुर्बिणीतून काढून टाका’ असा सल्ला नातेवाइकांकडूनच मिळतो. यात एक गल्लत नेहमीची. वयापरत्वे प्रोस्टेट वाढणे वेगळे आणि प्रोस्टेटचा कॅन्सर वेगळा. वाढीसाठी ग्रंथीचा आतला भाग पोखरून काढतात, बाहेरचे आवरण जागेवरच राहते. कॅन्सरसाठी आवरणासह अख्खी ग्रंथी काढून मूत्राशयाचे तोंड मूत्रमार्गाला पुन्हा शिवावे लागते. दोन्हींची जोखीम निराळी, त्यामुळे दोन्हींच्या चाचण्याही निराळ्या.

पोखरून काढण्याच्या शस्त्रक्रियेला नाव मिळाले पीटर फ्रेयर या आयरिश सर्जनचे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांची उमेदीची वर्षे उत्तर हिंदुस्थानात गेली. मूत्राशयातले खडे फोडून काढण्यात त्यांचा हातखंडा होता आणि रामपूरच्या नवाबाकडून त्याची घसघशीत बिदागीही मिळाली होती. लंडनला परतल्यावर, १९०० साली, सेंट पीटर्स हॉस्पिटलात त्यांनी ओटीपोटातून मूत्राशय उघडून वाढलेली गाठ चक्क बोटाने सोलून काढली. पुढच्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चार पेशंटांची हकिगत छापली. लगेच वाद पेटला: ही युक्ती न्यूयॉर्कच्या युजीन फुलर यांनी आधीच केलेली होती! कागदावर बरीच शाई सांडली, पण सगळे भांडण ‘आधी कुणी केले’ याचे. ‘न केलेल्यांचे काय झाले’ हे पुराव्यानिशी विचारण्याची रीतच तेव्हा नव्हती. फ्रेयरच्या बोटाचे काम आज होल्मियम लेझर करतो, तेही मूत्रमार्गातूनच, पोट न उघडता. न्यूझीलंडमधल्या तौरंगाच्या पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत बसवली आणि जुन्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसमोर चाचणीत उभीही केली. सोलायची पातळी तीच राहिली, हिशेब मांडण्याची रीत बदलली.

कॅन्सरच्या शस्त्रक्रियेतली मोठी उडी मात्र चाचणीतून आली नाही, शरीररचनेच्या अभ्यासातून आली. १९८० च्या आधी प्रोस्टेट पूर्ण काढलेल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाचे लैंगिक सामर्थ्य जात असे. ताठरता आणणाऱ्या नसा ग्रंथीतूनच जातात, तेव्हा त्या कापल्या जाणारच, अशी समजूत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श यांना एका पेशंटने ऑपरेशननंतर सांगितले की आपले सगळे पूर्ववत आहे. एकाचे जरी शाबूत राहिले असेल, तर समजूत चुकीची होती. १९८१ साली ते हॉलंडमध्ये लायडनला गेले असता निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर एका मृत जन्मलेल्या अर्भकाचे विच्छेदन करताना भेटले. प्रौढांच्या शवात चरबी आणि रसायनांमुळे या नसा दबून दिसेनाशा होतात. अर्भकात त्या स्वच्छ दिसत होत्या. दोघांनी मिळून त्यांचा माग काढला. नसा ग्रंथीच्या आत नव्हत्याच, बाहेरून, दोन्ही कडांना चिकटून जात होत्या. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी त्या जाणूनबुजून वाचवत पहिली शस्त्रक्रिया केली.

या शोधाला चिठ्ठ्या टाकून चाचणी करण्याची गरज कुणाला वाटली नाही, आणि ते रास्तच होते. फरक डोळ्यांना दिसत होता. अडचण येते ती फरक बारीक असतो तेव्हा. नेमके तेव्हाच जाहिरात मोठी असते.

रोबोटचे तसेच झाले. २००० च्या सुमारास फ्रँकफर्टमध्ये प्रोस्टेटसाठी तो पहिल्यांदा वापरला गेला. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलात पुद्दुचेरीच्या जिपमेरमध्ये शिकलेले मणी मेनन यांनी ती शस्त्रक्रिया रोजच्या कामाइतकी सफाईदार केली. दशकभरात अमेरिकेत बहुसंख्य ग्रंथी रोबोटच्या हातांनी निघू लागल्या. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांच्या फलकांवर त्या यंत्राचे छायाचित्र असते, शेजारी डॉक्टर हाताची घडी घालून. एवढे सगळे झाल्यावर, २०१६ साली, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधून दोन पद्धतींच्या थेट तुलनेचे पहिले भरवशाचे निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आले. ३२६ पुरुष, निम्मे रोबोटकडे, निम्मे उघड्या शस्त्रक्रियेकडे. रोबोटच्या गटात सरासरी साडेचारशे मिलिलीटरच्या आत रक्त गेले, दुसऱ्या गटात तेराशेच्या वर. हॉस्पिटलातला मुक्कामही कमी झाला. पण पेशंटला पुढे जन्मभर ज्याच्यासोबत राहायचे असते, ते लघवीवरचे नियंत्रण आणि लैंगिक सामर्थ्य, त्यात बारा आठवड्यांनीही आणि दोन वर्षांनीही लक्षणीय फरक नव्हता.

यातली मेख वेगळीच. दोन्ही बाजूंना एकेकच सर्जन होता. उघडी शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाताखालून दीड हजार ऑपरेशने गेलेली, रोबोटवाल्याची दोनशे. मग तुलना यंत्राची झाली की हातांची? औषधाची गोळी कुणीही दिली तरी तीच असते. शस्त्रक्रियेचे तसे नाही. अमेरिकेत ७२ सर्जनांच्या ७,७६५ पेशंटांचा हिशेब २००७ साली छापून आला. ज्याने आधी दहाच शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्याच्या पेशंटांत पाच वर्षांत कॅन्सर परतण्याची शक्यता १७.९ टक्के, अडीचशे केलेल्याच्या पेशंटांत १०.७. तेव्हा ‘रोबोटने करणार का?’ यापेक्षा ‘आजवर किती केलीत?’ हा प्रश्न जास्त कामाचा. तो विचारायला आपल्याकडे पेशंट बिचकतो, आणि विचारला तर काही डॉक्टरांना राग येतो.

सगळ्यात अवघड तुलना असते शस्त्रक्रिया आणि काही न करणे यांच्यातली. कॅन्सर आहे म्हटल्यावर ‘नुसते लक्ष ठेवू’ हे ऐकायची कुणाची तयारी असते? ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीने हेच विचारायचे धाडस केले. १९९९ ते २००९ या काळात ८२ हजारांवर पुरुषांची पीएसए ही रक्ततपासणी झाली. त्यातून ग्रंथीपुरताच मर्यादित कॅन्सर सापडलेल्यांपैकी १,६४३ जणांनी आपला उपचार चिठ्ठीवर सोपवला: ५४५ जणांवर लक्ष ठेवले गेले, ५५३ शस्त्रक्रियेच्या गटात, ५४५ रेडिएशनच्या. सुरुवातीला लोक तयार होईनात. संशोधकांनी मग डॉक्टर आणि पेशंट यांची बोलणी ध्वनिमुद्रित करून ऐकली. डॉक्टर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन आधी सांगत, तपशिलात सांगत. लक्ष ठेवण्याचा पर्याय शेवटी, घाईत आणि काहीसा ओशाळून. क्रम आणि मांडणी बदलली, तसे होकाराचे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून सत्तरच्या घरात गेले.

पंधरा वर्षांनंतरचे निकाल २०२३ साली आले. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू: लक्ष ठेवलेल्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२, रेडिएशनच्या गटात २.९. फरक इतका थोडा की त्याला अर्थ देता येत नाही. रोग शरीरात पसरण्याचे प्रमाण मात्र लक्ष ठेवलेल्यांत दुप्पट होते, ९.४ टक्के. उलट बाजूला, शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुषांना लघवी गळते म्हणून पॅड वापरावे लागत होते. सहा वर्षांनीही १७ टक्क्यांना. कोणता तोटा पत्करायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे, पण आता ते आकडे समोर ठेवून ठरवता येते.

मग शस्त्रक्रिया फुकाची? घाई नको. स्वीडन, फिनलंड आणि आइसलंडमध्ये १९८९ ते १९९९ दरम्यान ६९५ पुरुषांवर झालेल्या तशाच चाचणीत, २९ वर्षांच्या पाठपुराव्यात, शस्त्रक्रिया झालेल्यांना सरासरी २.९ वर्षांचे आयुष्य जास्त मिळाले. दोन्ही निकाल खरे आहेत. तिथल्या बहुतेकांचा कॅन्सर बोटाला गाठ लागण्याइतका वाढल्यावर सापडला होता, ब्रिटनमध्ये रक्ताच्या चाचणीतून खूप आधी. आपल्याकडे बरेचसे पेशंट त्याहूनही पुढच्या टप्प्यावर येतात. त्यांच्यासाठी परदेशी आकडे उसने घेऊन भागत नाही. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेली चाचणी मोलाची: जास्त जोखमीच्या २२४ पेशंटांत रेडिएशन फक्त प्रोस्टेटला द्यायचे की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही, हे तिने पाहिले. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेल्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात ९५ टक्के, पहिल्यात ८१.२. जगभरच्या रेडिएशन तज्ज्ञांनी त्याची दखल घेतली.

आता दुसरे क्षेत्र. इथे पेशंट आठ वर्षांचा असतो आणि त्याला काहीच होत नसते.

काही घराण्यांत पुरुष चाळिशी-पन्नाशीत जातात. ‘त्यांच्यात हार्टचा त्रासच आहे,’ असे गाव म्हणते आणि गावाचे निदान अनेकदा बरोबर असते. नॉर्वेच्या कार्ल म्युलर यांनी १९३० च्या दशकाअखेर १७ कुटुंबे अभ्यासून दाखवले की घोट्यामागच्या शिरेवरच्या, बोटांच्या पेरांवरच्या पिवळट गाठी, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार या तिन्ही गोष्टी एकत्रच वारशाने उतरतात. एका पालकाकडून सदोष जनुक आले तर कोलेस्टेरॉल दुप्पट होते. असे लोक साधारण अडीचशेत एक. दोन्हीकडून आले तर चार-सहापट, आणि मग हृदयविकाराचा झटका शाळकरी वयातही येतो.

दोष नेमका कुठे, हे डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७३-७४ मध्ये शोधले, तेही प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींवर. निरोगी पेशींना बाहेरून एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारे कण, दिले की त्या स्वतःचे उत्पादन थांबवत. एका रोगी मुलीच्या पेशी थांबत नव्हत्या. बाहेर कितीही एलडीएल असो, आतला कारखाना चालूच. मग त्यांनी कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून दिले. त्या रूपात ते पेशीत आपसूक शिरते. कारखाना लगेच थांबला! म्हणजे यंत्रणा ठीक होती, दरवाजा नव्हता. एलडीएलला आत घेणारा तो दरवाजा म्हणजे रिसेप्टर. १९८५ साली दोघांना नोबेल मिळाले. त्याआधीच, १४ फेब्रुवारी १९८४ रोजी, पिट्सबर्गमध्ये थॉमस स्टार्झल यांच्या चमूने स्टॉर्मी जोन्स या सहा वर्षांच्या मुलीवर हृदय आणि यकृत यांचे एकत्र रोपण केले. हृदय निकामी झाले होते म्हणून हृदय. दरवाजे सर्वांत जास्त यकृतावर असतात म्हणून यकृत. हजारावर असलेले कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास आले. ती आणखी सहा वर्षे जगली.

औषध आले जपानमधून. अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले आणि क्योतोच्या धान्यदुकानातल्या तांदळावरच्या एका बुरशीत, १९७३ साली, पहिले स्टॅटिन सापडले. उंदरांवर ते चालेना. कोंबड्यांवर चालले, नाहीतर फाइल तिथेच बंद झाली असती.

तुलनेचा प्रश्न इथे वेगळ्या तऱ्हेने सुटतो. बाधित पालकाच्या प्रत्येक मुलाला सदोष जनुक मिळण्याची शक्यता निम्मी. चिठ्ठी जन्माआधीच पडलेली असते. भावंडे एकाच ताटात जेवतात, एकाच घरात वाढतात, फरक असतो तो जनुकाचा. डॅलसच्याच जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांनी याची उलटी बाजू २००६ साली मांडली. त्यांनी पाहिलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी २.६ टक्क्यांना पीसीएसके९ या जनुकातल्या बिघाडामुळे जन्मापासूनच एलडीएल २८ टक्के कमी होते. त्यांच्यात हृदयरोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. पन्नाशीत गोळ्या सुरू करून एलडीएल तेवढेच उतरवले तर एवढा फायदा होत नाही. किती उतरवले याइतकेच केव्हापासून उतरवले यालाही महत्त्व आहे.

मग मुलांना लहानपणीच गोळी द्यावी का? अ‍ॅम्स्टरडॅममध्ये १९९७ ते १९९९ या काळात आठ ते अठरा वर्षांच्या २१४ बाधित मुलांना चाचणीत घेतले, दोन वर्षे निम्म्यांना प्रॅव्हास्टॅटिन, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. पुढे सर्वांना औषध. वीस वर्षांनी, २०१९ साली, त्यांची गाठ निरोगी भावंडांशी घातली. मानेच्या रक्तवाहिनीची भिंत दोघांची जवळजवळ सारख्याच वेगाने जाड होत होती. एकोणचाळिशीपर्यंत हृदयविकाराचा प्रसंग आलेले या मुलांत एक टक्का; त्यांच्या बाधित पालकांत, त्याच वयापर्यंत, २६ टक्के. पालकांशी केलेली तुलना थोडी सैल आहे हे मान्य करायला हवे, कारण त्यांची पिढी निराळी आणि सिगारेटी जास्त. भावंडांशी केलेली तुलना घट्ट आहे. निकालाचे वजन तिच्यावर आहे.

अशी मुले सापडणार कशी? हॉलंडने १९९४ पासून एका पेशंटवरून त्याच्या नातेवाइकांपर्यंत घरोघर जाऊन शोध घेतला. स्लोव्हेनियात पाच वर्षांच्या मुलांची सरसकट तपासणी होते. ब्रिटनमध्ये एक-दोन वर्षांच्या १०,०९५ बाळांच्या टाचेतून, लसीकरणाला आणले असतानाच, रक्ताचा थेंब घेतला. २०१६ च्या त्या निकालात ४० बाळे सापडली आणि त्यांच्यामागोमाग ४० पालकही. बाळाला त्या वयात गोळी द्यायची नसते. ती त्या पालकांना लगेच सुरू करता येते, बहुधा तिशीत, पहिल्या झटक्याच्या आधी.

भारतीय वंशाच्या लोकांत हा दोष नाही असे नाही. ब्रिटनमधल्या गुजराती मूळच्या पेशंटांत सापडलेला एक बदल वैद्यकीय साहित्यात ‘एफएच गुजरात’ या नावानेच ओळखला जातो (एफएच, म्हणजे फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, हे याच आनुवंशिक विकाराचे नाव). आपल्याकडे बापाची अँजिओप्लास्टी होते, त्याला स्टॅटिन लागते, पथ्य लिहून मिळते. मुलांचे रक्त तपासा, हे फारच थोडे डॉक्टर सांगतात. सोळा ते चोवीस महिन्यांच्या बूस्टर डोसाला बाळ आरोग्यकेंद्रात येतेच. तिथे ही तपासणी जोडून उपयोग होईल का, पालक गोळ्या घेतील का, खर्च झेपेल का, हे ब्रिटनच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. त्यासाठी काही तालुक्यांत ती सुरू करावी लागेल, शेजारच्या काहींत मुद्दाम थांबवून ठेवावी लागेल, आणि दोन्हीकडच्या घरांची नोंद दहा-पंधरा वर्षे ठेवावी लागेल.